महामारीत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना मरण कुठे आले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, असलेल्या माणसाचा शेवट घरी होतो, रुग्णालयात होतो की संस्थेत, हे कोविडच्या काळात झपाट्याने बदलले. खालची उत्तरे मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सबद्दल आहेत. भारताबद्दलचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत.

इंग्लंड आणि वेल्सच का?

तिथे मृत्यूची नोंद कारणासह आणि ठिकाणासह होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय (ओएनएस) २०२० मध्ये हे आकडे दर आठवड्याला ठिकाणवार प्रसिद्ध करत होते. शिवाय स्मृतिभ्रंश तिथे आधीपासूनच मृत्यूच्या कारणांत पहिल्या क्रमांकावर होता. २०१९ मध्ये एकूण मृत्यूंपैकी सुमारे १२.५ टक्के मृत्यू स्मृतिभ्रंश आणि अल्झायमरमुळे झाले होते. २०२० मध्ये ही जागा कोविडने घेतली: ७३,७६६ मृत्यू, म्हणजे १२.१ टक्के.

केअर होम म्हणजे आपल्याकडचे नर्सिंग होम का?

नाही, आणि इथे नेहमी घोटाळा होतो. महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे दहा-वीस खाटांचे खासगी रुग्णालय. तिथे बाळंतपणे होतात, अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होते. ब्रिटनमधले केअर होम हे माणसाचे राहते घर असते: स्वतःची खोली, स्वतःचे कपाट, भिंतीवर घरचे फोटो. काही केअर होममध्ये चोवीस तास परिचारिका असते, काहींमध्ये फक्त मदतनीस असतात. डॉक्टर तिथे राहत नाही, आजूबाजूच्या दवाखान्यातून येतो. ऑक्सिजनची नळी भिंतीत नसते आणि सलाइन सहसा लावत नाहीत. ‘रुग्णाला केअर होममध्येच ठेवले’ या वाक्याचा अर्थ कळायला हा फरक ध्यानात हवा.

महामारीच्या आधी काय चित्र होते?

ढोबळ मानाने, स्मृतिभ्रंशाच्या दहा रुग्णांपैकी सहांचा मृत्यू केअर होममध्ये, तिघांचा रुग्णालयात आणि एकाचा स्वतःच्या घरी होत असे. हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणाऱ्या केंद्रात, मरण येणारे जेमतेम एक टक्का. हॉस्पिसची व्यवस्था कर्करोगाच्या रुग्णांभोवती उभी राहिली. कर्करोगात शेवटचे काही आठवडे बऱ्यापैकी ओळखता येतात. स्मृतिभ्रंशात माणूस दोन-तीन वर्षे ‘आता काही खरे नाही’ अशा अवस्थेत राहू शकतो, त्यामुळे खाट कधी द्यायची हेच ठरत नाही.

२०२० च्या पहिल्या लाटेत नेमके काय बदलले?

२ मार्च ते १२ जून २०२० या काळात केअर होमच्या ६६,११२ रहिवाशांचे मृत्यू नोंदले गेले. त्यातल्या १९,३९४ जणांच्या प्रमाणपत्रावर कोविड होता. या कोविड-मृत्यूंपैकी निम्म्यांच्या बाबतीत (४९.५ टक्के) आधीचा मुख्य आजार स्मृतिभ्रंश किंवा अल्झायमर होता. आणि ठिकाण? १४,५१९ जण केअर होममध्येच वारले, ४,८१० रुग्णालयात. तीव्र संसर्गाने मरणाऱ्या चारपैकी तीन रहिवाशांचा शेवट रुग्णालयाबाहेरच झाला.

दुसरा बदल खासगी घरांत झाला. मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंशाने घरी दगावलेल्या स्त्रियांची संख्या आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात त्याच कारणाने रुग्णालयात होणारे स्त्रियांचे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी घटले.

७५ टक्के वाढ म्हणजे बहुतेक जण घरी वारले असे समजायचे का?

तसे नाही. पाया लहान असला की टक्केवारी फुगते. शंभर मृत्यूंत आधी दहा घरी होत असतील, तर ७५ टक्के वाढ म्हणजे साडेसतरा. रुग्णालयातले तीस ४० टक्क्यांनी घटले की अठरा होतात. हा केवळ समजुतीसाठीचा हिशेब आहे, कारण त्या काळात एकूण मृत्यूही वाढले होते. पण एवढे दिसते की घरचा वाटा वाढूनही सर्वाधिक मृत्यू केअर होममध्येच झाले. बातमीतली टक्केवारी कशाच्या तुलनेत काढली आहे, हे आधी विचारावे.

रुग्णालयातले मृत्यू घटले. लोकांनीच जायला नकार दिला का?

काहींनी दिला. एकदा आत गेले की भेट नाही, एकटेच मरण येईल, ही भीती खरी होती. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला अनोळखी वॉर्डात पीपीई घातलेल्या लोकांमध्ये ठेवणे म्हणजे त्याचे हाल करणे, असे मानणारे डॉक्टरही होते, आणि त्यांचे चूक नव्हते. पण सगळा बदल इच्छेच्या खात्यावर टाकता येत नाही. त्याच वेळी तीन गोष्टी घडत होत्या.

१७ मार्च २०२० रोजी सरकारी आरोग्यसेवा चालवणाऱ्या एनएचएस इंग्लंडने रुग्णालयांना पत्र पाठवून ३०,००० खाटा मोकळ्या करण्याचे उद्दिष्ट दिले. घरी पाठवण्याजोग्या रुग्णांना तातडीने सोडायचे होते.

२० मार्चला उपचारांच्या मार्गदर्शिका ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने अतिदक्षता विभागासाठी तातडीची मार्गदर्शिका काढली. तिच्यात ‘क्लिनिकल फ्रेल्टी स्केल’ ही १ ते ९ अशी जर्जरतेची मोजपट्टी वापरायला सांगितले होते. ५ किंवा त्याहून अधिक गुण असतील तर अतिदक्षता उपचार योग्य ठरतील का, याचा विचार करायचा होता. आंघोळ, कपडे, शौच यांसाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेला स्मृतिभ्रंशाचा रुग्ण या पट्टीवर ७ च्या आसपास येतो. मोजपट्टी मूळची चांगली आहे. पण अतिदक्षतेसाठीची कसोटी हळूहळू ‘रुग्णवाहिका बोलवायची का’ या प्रश्नालाही लावली गेली की अर्थ बदलतो.

तिसरी गोष्ट साधी: फोनवर सल्ला देणारा डॉक्टर रुग्णाला पाहायला येत नव्हता. न पाहता सांगितलेला सल्ला बहुधा ‘आहे तिथेच ठेवा’ हाच असतो.

केअर होममध्ये लागण शिरली कशी?

दोन वाटांनी. पहिली, रुग्णालयातून सोडलेले रुग्ण. १७ मार्च ते १५ एप्रिल या महिन्याभरात सुमारे २५,००० जण रुग्णालयांतून केअर होममध्ये पाठवले गेले. सोडण्याआधी सर्वांची चाचणी करण्याचे धोरण १५ एप्रिलला जाहीर झाले. लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही लागण होऊ शकते हा धोका विचारात घेतला नाही, म्हणून मार्च-एप्रिलमधले ते धोरण बेकायदा होते, असा निर्णय लंडनच्या उच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२२ रोजी दिला.

दुसरी वाट कर्मचाऱ्यांची, आणि तिची चर्चा कमी होते. तासावर काम करणारा मदतनीस सकाळी एका होममध्ये, संध्याकाळी दुसऱ्यात. आजारी पडला तर पगार नाही, म्हणून अंगात कणकण असतानाही तो कामावर येतो. ‘व्हिवाल्डी’ या सर्वेक्षणात जुलै २०२० मध्ये हेच दिसले: आजारपणात पगार देणाऱ्या होममध्ये लागण कमी, आणि एजन्सीच्या बदलत्या माणसांवर चालणाऱ्या होममध्ये जास्त.

स्मृतिभ्रंशात कोविड वेळेवर ओळखला का जात नव्हता?

कारण यादी ताप, खोकला आणि श्वासाची होती, आणि हे रुग्ण त्या यादीप्रमाणे आजारी पडत नाहीत. काल चालत होता तो आज दोनदा पडतो. जेवण तोंडात धरून बसतो, गिळत नाही. दिवसभर झोपून राहतो, किंवा उलट रात्रभर असंबद्ध बडबडतो, ज्याला आपल्याकडे वात झाला म्हणतात. ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या रेषेखालीच राहतो, कारण वृद्ध शरीर तेवढी उष्णता निर्माणच करत नाही. ‘घसा दुखतो का’ याला उत्तर येत नाही. ‘म्हातारपण आहे, असे व्हायचेच’ म्हणत पहिले तीन-चार दिवस निघून जातात.

विलगीकरणही कागदावरच राहते. फेऱ्या मारण्याची सवय असलेल्या माणसाला चौदा दिवस खोलीत कसे ठेवणार? दार बंद करून घ्यायचे म्हटले तर तो स्थानबद्धतेचा कायदेशीर प्रश्न होतो, आणि शांत ठेवायला औषध दिले तर गिळणे बिघडून न्युमोनिया होतो.

प्रमाणपत्रावर कोविड नसतानाही स्मृतिभ्रंशाचे मृत्यू वाढले. ते का?

पहिल्या लाटेत, केवळ मार्च ते मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत, कोविडचा उल्लेखही नसलेले स्मृतिभ्रंशाचे मृत्यू सरासरीपेक्षा पाच हजारांहून अधिक झाले. यातले काही न ओळखलेले कोविड होते. तेव्हा एका होममध्ये लक्षणे असलेल्या पहिल्या पाच जणांचीच चाचणी होत असे, सहाव्याची नाही. सर्व रहिवासी आणि कर्मचाऱ्यांना चाचणी खुली झाली ती एप्रिलच्या अखेरीस.

उरलेले मृत्यू कोविडचे नव्हते, पण महामारीचे होते. रोज दुपारी येऊन चमच्याने खीर भरवणारी मुलगी येईनाशी झाली. भरवायला चाळीस मिनिटे लागणाऱ्या माणसाला कमी पडलेला कर्मचारीवर्ग दहा मिनिटे देतो. वजन उतरते, पाणी कमी पडते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, पाठीला जखमा होतात.

प्रमाणपत्रात नेमके कुठे काय लिहितात? आकडे त्यावरच ठरतात ना?

होय. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळींत कारणांची साखळी लिहितात: वर ताबडतोबचे कारण, खाली त्याच्यामागचे. साखळीच्या सर्वांत खालच्या ओळीतले कारण सहसा ‘मूळ कारण’ म्हणून मोजले जाते. हातभार लावणारे इतर आजार दुसऱ्या भागात जातात.

एकच माणूस, दोन नोंदी पाहा. ‘अ: न्युमोनिया, ब: कोविड-१९, भाग दोन: अल्झायमर’ असे लिहिले तर मृत्यू कोविडच्या खात्यात जातो. ‘अ: न्युमोनिया, ब: अल्झायमर’ असे लिहिले तर स्मृतिभ्रंशाच्या. एप्रिल २०२० मध्ये चाचणी न झालेल्या माणसाबद्दल डॉक्टर दोन्हींपैकी काहीही प्रामाणिकपणे लिहू शकत होता. म्हणून स्मृतिभ्रंश ‘मूळ कारण’ असलेले मृत्यू आणि स्मृतिभ्रंशाचा ‘उल्लेख’ असलेले मृत्यू ही दोन वेगळी मापे आहेत. मार्च ते जून २०२० या काळात कोविडचा उल्लेख असलेल्या ५०,३३५ मृत्यूंपैकी १२,८६९ जणांचा आधीचा मुख्य आजार स्मृतिभ्रंश होता.

ठिकाणाचीही अशीच गंमत आहे. केअर होमचा रहिवासी रुग्णालयात वारला तर ठिकाणाच्या तक्त्यात तो रुग्णालयात मोजला जातो. ‘केअर होममधले मृत्यू’ आणि ‘केअर होमच्या रहिवाशांचे मृत्यू’ हे शब्द बातम्यांत सर्रास अदलाबदल होऊन येतात.

लाट ओसरल्यावर सगळे पूर्ववत झाले का?

केअर होममधले मृत्यू २०२० च्या तिथल्या उन्हाळ्यात (जून ते ऑगस्ट) सरासरीच्याही खाली आले. याचे एक कारण कटू आहे: जे पुढच्या काही महिन्यांत जाणार होते ते आधीच गेले होते, आणि अनेक खाटा रिकाम्या होत्या. घरांतले मृत्यू मात्र खाली आले नाहीत. लाट असो नसो, ते सरासरीच्या वरच राहिले.

घरी मरण येणे चांगलेच नाही का? बहुतेकांना तेच हवे असते.

हवे असते, पण घर म्हणजे नुसती जागा नव्हे. शेवटच्या आठवड्यात काय लागते ते पाहा. डोके-पाय वरखाली होणारी खाट. हवेची गादी. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायला दोन माणसे, कारण एकट्याने ओढले की कातडी सोलते. तोंड ओले ठेवायला बोळे.

ब्रिटनमध्ये अशा घरात औषधांचा एक डबा आधीच आणून ठेवतात. त्यात वेदना आणि धाप यांसाठी मॉर्फिन, तगमगीसाठी मिडाझोलाम, मळमळीसाठी हॅलोपेरिडॉल किंवा लेव्होमेप्रोमाझिन आणि घशातल्या घरघरीसाठी ग्लायकोपायरोनियम, अशी त्वचेखाली द्यायची इंजेक्शने असतात. सुई द्यायला डिस्ट्रिक्ट नर्स, म्हणजे घरोघरी जाणारी परिचारिका, येते. वारंवार लागू लागले की सिरिंज ड्रायव्हर नावाचा छोटा पंप चोवीस तासांची मात्रा हळूहळू देतो.

यात बिघडते ते बहुधा कागदावर. डबा घरात आहे, पण डॉक्टरने सही केलेला मात्रेचा तक्ता नाही. मग नर्स सुई देऊ शकत नाही. किंवा शनिवारी रात्री फोन लागतो, पण नर्स चार तासांनी पोचते. २०२० मध्ये हे अंतर वाढले. काही भागांत घरच्यांनाच त्वचेखाली औषध द्यायला शिकवले गेले. एप्रिलच्या अखेरीस, एका रहिवाशासाठी आणलेले न वापरलेले औषध ठरावीक अटींवर दुसऱ्याला द्यायची मुभा केअर होम आणि हॉस्पिसना मिळाली. एरवी ते नष्ट करावे लागते.

‘घरी’ या रकान्यात या सगळ्यासह झालेला मृत्यूही मोजला जातो, आणि ऐंशी वर्षांच्या नवऱ्याने एकट्याने, एकाही सुईविना सोसलेला मृत्यूही. तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात.

रुग्णाला बोलता येत नाही. वेदना कशी ओळखायची?

‘पेनॅड’ नावाची मोजपट्टी घरीही वापरता येते. पाच गोष्टी पाहायच्या: श्वास, कण्हणे-ओरडणे, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजावल्यावर शांत होणे. प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण १०. एकदा निवांत असताना आणि एकदा कूस बदलताना मोजावे. फक्त निवांत असताना मोजले तर दुखणे सुटून जाते. चारच्या वर गेले की डॉक्टरला आकड्यासह कळवावे. ‘त्रास होतोय’ म्हटल्यापेक्षा ‘काल ३ होते, आज ७’ म्हटले की फोनच्या पलीकडचा माणूस लवकर हलतो.

शेवटच्या भेटीला परवानगी होती ना?

मार्गदर्शक सूचनांत अपवाद होता. अडचण ‘शेवट’ कधी सुरू झाला हे ठरवण्यात होती. अनेक होम अगदी शेवटच्या काही तासांत एका माणसाला आत सोडत, आणि तोवर रुग्ण बेशुद्ध असे. आता इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नियम ९अ लागू आहे: केअर होम, रुग्णालय आणि हॉस्पिसने भेटी होऊ दिल्याच पाहिजेत, अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडून.

‘डीएनएसीपीआर’ म्हणजे उपचार थांबवणे का?

नाही. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते सुरू करायचा प्रयत्न करू नये, एवढाच त्याचा अर्थ. प्रतिजैविके, ऑक्सिजन, रुग्णालयात नेणे यांवर त्याचा काही परिणाम व्हायला नको. २०२० मध्ये काही ठिकाणी हा निर्णय घाऊक पद्धतीने, कुटुंबाशी न बोलता लिहिला गेल्याच्या तक्रारी आल्या. काळजीसेवांवर देखरेख करणाऱ्या सीक्यूसीने मार्च २०२१ मध्ये त्यावर अहवाल दिला. केअर होममधल्या नातेवाईकाच्या फाइलमध्ये हा कागद आहे का, त्यावर तारीख काय आणि कोणाशी चर्चा केल्याचे लिहिले आहे, हे विचारण्यात गैर काही नाही.

दुसऱ्या देशांत असेच झाले का?

संस्थांमधले मृत्यू अनेक ठिकाणी वाढले. कॅनडात पहिल्या लाटेतल्या कोविड-मृत्यूंपैकी ८० टक्क्यांच्या आसपास दीर्घकालीन काळजीगृहांत झाले. स्पेनच्या माद्रिद प्रांतात मार्च २०२० च्या सूचनांत गंभीर शारीरिक किंवा आकलनविषयक परावलंबित्व असलेल्यांना रुग्णालयात न पाठवण्याचे निकष होते. मार्च-एप्रिलमध्ये तिथे ७,२९१ रहिवासी रुग्णालयात न नेता दगावले. तो वाद अजून मिटलेला नाही.

भारतात, महाराष्ट्रात काय झाले?

भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्यांचे मृत्यू नोंदीत सापडत नाहीत. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२-२३ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केले होते. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि बाहेरच्यासाठी नमुना ४-अ असतो. घरच्या मृत्यूत बहुधा ‘वार्धक्य’ किंवा ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच लिहिले जाते. दुसरे हे कारणच नव्हे. हृदय सर्वांचेच बंद पडते.

आपल्याकडे बहुतेकांना आधीही घरीच मरण येत होते. त्यामुळे बदल ठिकाणात शोधण्यापेक्षा घरातल्या हातांत शोधावा. मुंबई-पुण्यात अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांचा सगळा डोलारा ब्युरोच्या मावशींवर उभा असतो: बारा तासांची एक पाळी, सकाळी आठला बदली. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली आणि कर्जत-विरारहून येणाऱ्या मावशी यायच्या थांबल्या. डायपर बदलणे, नळीने भरवणे, कूस वळवणे हे सारे घरच्या एखाद्या सुनेवर किंवा मुलीवर आले, तेही ऑफिसचे काम सांभाळून.

आधी काय लिहून ठेवता येते?

माणसाला समजते आहे तोवरच, हे पहिले.

भारतात: सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केलेले आणि २४ जानेवारी २०२३ रोजी सोपे केलेले वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद. दोन साक्षीदारांसमोर सही, मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन. निर्णय सांगणाऱ्या एकाहून अधिक नातेवाइकांची नावे घालावीत, कारण एक परदेशात अडकू शकतो. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. स्मृतिभ्रंश बळावल्यावर केलेली सही टिकत नाही, म्हणून निदान झाले त्याच महिन्यात हे काम उरकावे. मालमत्तेचे मृत्युपत्र वेगळे, त्याने हे काम होत नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये: आरोग्यविषयक ‘लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी’, म्हणजे आपल्याला ठरवता येईनासे झाल्यावर आपल्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार दुसऱ्याला देणारा दस्त. अनेक कुटुंबे फक्त पैशांची करतात आणि ऐन वेळी त्यांना कळते की तिने उपचारांबद्दल काहीच अधिकार मिळत नाहीत. नोंदणीला आठवडे जातात. जीव वाचवणारा उपचार नाकारायचा असेल तर तो नकार लेखी, सही-साक्षीचा आणि ‘जिवाला धोका असला तरी’ अशा स्पष्ट शब्दांत हवा.

आईवडील ब्रिटनमधल्या केअर होममध्ये आहेत. पुन्हा दारे बंद झाली तर?

एक पान तयार ठेवा. फाइलमध्ये घालू नका, खाटेच्या डोक्याशी चिकटवा. रुग्णवाहिका आली तर हेच पान बरोबर जाते. त्यावर हाक मारायचे नाव, चष्मा आणि कानातले यंत्र कुठे असते, ठसका लागू नये म्हणून पाणी घट्ट करून द्यायचे का, रुग्णालयात नेण्याबद्दल काय ठरले आहे आणि ते कोणी ठरवले. मग भाषा. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी जाते. चाळीस वर्षे लेस्टरमध्ये इंग्रजीत नोकरी केलेली बाई शेवटी फक्त मराठीत बोलते, आणि मास्कमागच्या मदतनिसाला ती नुसती बडबड वाटते. ‘दुखतंय’, ‘पाणी’, ‘नको’, ‘शी’, ‘थंडी वाजतेय’, ‘आई गं’: एवढे सहा शब्द इंग्रजी अक्षरांत, उच्चारासह आणि अर्थासह लिहा. शेवटच्यापुढे कंसात लिहा की हे आईला हाक मारणे नाही, तिला कुठेतरी दुखते आहे.